खंडेनवमीचं पाणी

"शालनताई, तुम्ही आहात म्हणून पाठवतोय," वामनभाऊजी म्हणाले आणि नायलॉनच्या दोरीचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "हिला पाण्याचं वावडं आहे, तुम्हाला ठाऊकच आहे."

मी मान हलवली. दोरी कमरेला बांधायची असते की हाताला गुंडाळायची, हे मला कळत नव्हतं; पण तसं विचारणं मला शोभलं नसतं. बत्तीस वर्षांपूर्वी ह्याच नदीत मी त्यांच्या बायकोला, दमूला, बुडताना वाचवलं होतं. गावात पोराटोरांनाही ते माहीत होतं. शाळेत माझा फोटो लावलेला होता.

मला पोहता येत नव्हतं. हे मात्र गावात कुणालाच माहीत नव्हतं.

तीन ट्यूब काठावरच्या गवतात पडल्या होत्या. ट्रकच्या, काळ्या, आमच्यासारखी भरल्या अंगाची बाई आरामात मावेल एवढ्या. मधल्या भोकावर वामनभाऊजींनी गोणपाट ताणून बांधलं होतं, म्हणजे बसणारीचं बूड पाण्यात लोंबकळू नये. हवा भरायची तोटी मांडीला लागू नये म्हणून तिला चिंध्या गुंडाळल्या होत्या. पंक्चरच्या दुकानात वीस वर्षं घालवलेल्या माणसाचं प्रेम हे असं असतं. तिन्ही ट्यूब एकमेकींना दोरीने बांधलेल्या, पुढची माझी.

हवा त्यांनी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती, कारण आज खंडेनवमी. दुकानातले पाने, जॅक, टायर उचकटायच्या पट्ट्या सगळं पाटावर मांडलेलं होतं, सगळ्याला हळदकुंकू, आणि कॉम्प्रेसरच्या गळ्यात झेंडूची माळ. पुजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, असा दमूच्या सासूबाईंचा दंडक. ह्या तीन ट्यूब पूजेला बसू नयेत म्हणून दमूने त्या आदल्या रात्रीपासून पलंगाखाली दडवल्या होत्या. वर्षभरात दुकान बंद असायचं ते ह्या एकाच दिवशी. म्हणून ट्यूब मोकळ्या आणि दमूही मोकळी. दिवस आम्ही किती विचार करून निवडला होता, हे मुद्दाम सांगून ठेवते.

कल्पना दमूचीच. वरच्या अंगाला शहरातल्या लोकांना हेल्मेट घालून नदीतून नेणारी एक कंपनी आली होती. रविवारी त्या बायका पाण्यावर आडव्या पडून हसत हसत पुलाखालून जायच्या आणि दमू दुकानाच्या दारातून बघत राहायची. एकदा म्हणाली, "नदी आपली, आणि आपण पुलावरून बघायची." पुढे महिनाभर तिने घरात दुसरा विषय काढला नाही. भाऊजींनी शेवटी अट घातली: शालनताई बरोबर असतील तर जा. दमूने येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी ब्लाउजला काज करत होते. सुई बोटात गेली.

नाही म्हणायची माझ्याकडे एरवी मोठी सोय होती, ती म्हणजे माझा डावा कान. तो लग्नापासून फुटलेला होता. सासरी आल्या आल्या पोरं नदीवर चल म्हणाली तेव्हा तो पहिल्यांदा फुटला, आणि मग गरजेप्रमाणे फुटत राहिला. पण ह्या वेळी दमूने नुसतं सांगितलं आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली. गणपती पोचवायलासुद्धा घाटाच्या वरच्या पायरीच्या खाली ह्या बाईला कुणी उतरू दिलेलं नव्हतं, आधी आईने, मग नवऱ्याने. एकदा बुडालेली म्हणून. मी हो म्हणाले.

तिसरी कुमुद. तिचा नवरा महाडिक वरच्या धरणाच्या वीजघरात ऑपरेटर. आमची नदी पावसाळा सोडला तर वीजघरातूनच सुटते. सकाळी भोंगा होतो, यंत्रं फिरायला लागतात, त्यांतून निघालेलं पाणी तासाभरात गावात पोचतं आणि दुपारपर्यंत नदी कशी भरून वाहते. यंत्रं थांबली की ओसरते, गोटे उघडे पडतात. कुमुद बावीस वर्षं त्या भोंग्यावर कुकर लावत आलेली.

"पाणी एक वाजेपर्यंत असतंच," ती म्हणाली. "नदीचं मला नका शिकवू."

तिचे नवरात्राचे उपास चालले होते. बोलण्याला ते लागू नव्हते.

आणि मग आम्ही निघालो. खरं सांगते, पहिली दहा मिनिटं मी देवाचं नाव घेण्याखेरीज काही केलं नाही. नंतर कळलं की करण्यासारखं काही नव्हतंच. नदी आपली आपण चालली होती. आम्ही नुसत्या बसलो होतो, पाय बाहेर, पाठ मागे, लोणच्याच्या फोडी उन्हात ठेवाव्यात तशा. त्या वर्षी गणपतीनंतर पाऊस जवळपास नव्हताच, त्यामुळे पाणी स्वच्छ, हिरवं. दोन्ही काठांना भात पिवळं पडत आलेलं. बांबूच्या बेटातून एक खंड्या निघाला आणि आमच्या पुढे पुढे, ह्या फांदीवरून त्या फांदीवर, रस्ता दाखवत असल्यासारखा चालला. ट्यूब स्वतःभोवती हळूच फिरायची, मग कधी डोंगर दिसायचा, कधी कुमुद.

कुमुदने थर्मास उघडला. झाकणातला चहा ट्यूबवरून ट्यूबवर आला, न सांडता. वऱ्याच्या तांदळाचा डबा फिरला. एका वळणावर मोठ्या खडकाला दोरी अडकवून आम्ही चांगल्या तासभर रेंगाळलो. घरी ह्या वेळी कोण काय मागत असेल, ह्याची यादी कुमुदने केली आणि प्रत्येक नावाला दमूने "मिळणार नाही" म्हटलं. मी इतकी हसले की ट्यूब डगमगली, आणि मी दोन्ही हातांनी ती गच्च धरली. दमूने ते पाहिलं.

"शालन, तुझ्या कानात पाणी गेलं तर गं?" तिने विचारलं.

"कापूस घातलाय."

"बरं केलंस," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. कधीच कळायचं नाही.

दोरी सोडून पुढे निघालो तशी कुमुदने ती गोष्ट काढली. ती काढणार हे मला माहीत होतं. कुमुद ह्या गावात लग्न होऊन आलेली, तिने काहीच पाहिलेलं नव्हतं, म्हणूनच ती गोष्ट सगळ्यांत चांगली सांगायची. नवरात्राआधी गोधड्या धुवायला दोघी नववीतल्या पोरी पुलाच्या अलीकडच्या डोहाशी, कोंडाशी, गेलेल्या. कोंडात बारा पुरुष पाणी. दमूचा पाय शेवाळावरून सटकला. आणि शालनने गोधडीचं एक टोक फेकलं, दुसरं दातात धरलं आणि झेप घेतली. दातांची भर अलीकडची होती. पूर्वी मी ते नुसतं हातात धरायची.

"म्हणून तर सासऱ्यांनी हिला पसंत केली," कुमुद म्हणाली. "सत्कारालाच पाहिली. म्हणाले, अशी पोरगी घरात हवी."

हे मात्र खरं होतं. 

दमूने हात पाण्यात सोडला होता आणि बोटांमधून पाणी जाताना ती बघत होती. बत्तीस वर्षांत त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तिला काही आठवतं की नाही, हेही मला माहीत नव्हतं. विचारणार कसं? काही प्रश्न असे असतात की विचारले की उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

अशी तंद्री लागलेली असताना माझं बूड कशाला तरी टेकलं.

आधी वाटलं, उथळ जागा असेल. मग दमूची ट्यूब थांबली. मग कुमुदची. पाहता पाहता दोन्ही काठांचे गोटे वर आले, ओले, चकचकीत, आणि एक बगळा आमच्या बाजूने चालत गेला. चालत. आम्ही तिघी नदीच्या मधोमध काळ्या ट्यूबमध्ये पाय पसरून बसलो होतो आणि नदी निघून गेली होती.

"कुणीतरी बंद केली वाटतं," दमू म्हणाली.

कुमुदने घड्याळ पाहिलं. साडेदहा. असं होणंच शक्य नाही, ती म्हणाली, बावीस वर्षांत असं झालं नाही. मग तिने दोन्ही हात डोक्याला लावले.

"काय गं?"

"आज यंत्रांची पूजा. सगळी थांबवतात आणि हार घालतात." तिने घड्याळावर पदर ओढला. "ह्यांच्या शर्टाला सकाळी मीच इस्त्री केली."

दमू हसायला लागली ती थांबेना. ज्या पूजेमुळे ट्यूब मोकळ्या होत्या, त्याच पूजेने नदी बंद केली होती. सासूबाईंच्या पूजेतून काहीच सुटत नाही, ती म्हणाली.

उतरलो. साड्या खोचल्या, ट्यूब कमरेशी घेतल्या आणि गोट्यांवरून पाय मुरगाळत खाली निघालो. मनातून मी त्या यंत्रांना हात जोडत होते. घोट्याएवढ्या पाण्यात माझी अब्रू सुरक्षित होती. पाऊण तासात पूल दिसायला लागला. पण पुलाच्या अलीकडे कोंड होता, आणि कोंडाला वीजघराशी देणंघेणं नव्हतं. नदी आटो की राहो, तो भरलेलाच. काळपट हिरवा, गप्प. डाव्या हाताला उभा कातळ, उजव्या हाताला खडकाची अरुंद पायरी. त्या पायरीवरून एकेकीने जायचं.

मी पुढे होते. तीच पायरी होती ती. शेवाळही बहुतेक तेच असावं. मी खडकाला धरून एक एक पाऊल टाकत असताना मागे पाण्याचा हलका आवाज झाला. वळून पाहिलं तर दमूची ट्यूब पायरीवर ठेवलेली, त्यात तिच्या चपला आणि मंगळसूत्र व्यवस्थित रुमालात बांधलेलं. आणि दमू कोंडात.

"दमू बुडाली!" कुमुदने माझ्या डाव्या कानात किंचाळून सांगितलं. "शालन, उडी मार!"

दमू बुडालेली नव्हती. ती पोहत होती. सेहेचाळीस वर्षांची बाई, साडीचा काष्टा मारलेला, आवाज न करता पाणी कापत कोंडाच्या मध्यापर्यंत गेली आणि तिथे पाठीवर वळून पडून राहिली. चेहरा आभाळाकडे. मी तिला इतकी निवांत कधी पाहिली नव्हती. चुकले, एकदा पाहिली होती. ह्याच कोंडात, म्हशींबरोबर, आम्ही नऊदहा वर्षांच्या असताना. तिच्या घरी चार म्हशी होत्या आणि ती शेपटीला धरून पोहायला शिकली होती, घरी न सांगता.

आता जे झालं होतं ते सांगायलाच हवं. त्या दिवशी पाय सटकला तो माझा. गोधडी आम्ही दोघी दोन टोकांना धरून पिळत होतो. मी पडले, टोक सोडलं नाही, आणि गोधडीसकट दमूलाही खेचलं. तिने मला काठाला आणलं. गोधडीही आणली. मग धाप लागून खडकावर आडवी पडली. मी आधी उठले, आणि गोधडी उचलली, कारण आई पहिलं गोधडीबद्दल विचारणार होती. तेवढ्यात पुलावरून माणसं धावत आली. एक उभी, एक आडवी. त्यांनी अर्थ लावला. मला सांगायचं होतं, पण तोंडात पाणी होतं. ते जाईपर्यंत गुरुजींचं भाषण सुरू झालं होतं. फोटोत मी गोधडी घेऊन उभी आहे. ती दुसरी, कोरडी होती. कडेला दमूची फक्त वेणी आली आहे. मी कधी खोटं बोलले नाही. मी बोललेच नाही.

"अगं बघतेस काय, ती निपचित पडलीय," कुमुद म्हणाली.

"कुमुद, मला पोहता येत नाही."

बत्तीस वर्षं घशात धरलेलं वाक्य. कुमुदने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलत्या वेळी विनोद केला.

"हा मोठेपणा नंतर कर," ती म्हणाली.

एव्हाना पुलावर माणसं जमली होती. पूजा आटोपून वीजघराची मंडळी गावात निघालेली. महाडिक इस्त्रीच्या शर्टात, हातात प्रसादाचं ताट, आणि त्यांच्याबरोबर वामनभाऊजी. कुमुदची किंकाळी ऐकून ते सगळे खाली उतरून आले. दमू तोवर काठाला येऊन खडकावर आडवी झाली होती, डोळे मिटून, धापा टाकत. मी तिच्याशेजारी उभी. हातात तिची ट्यूब.

एक उभी, एक आडवी.

"शालनताई," महाडिक म्हणाले, "पुन्हा?"

मी नाही म्हणाले. मी पाण्यात उतरलेही नाही म्हणाले. माझी साडी कोरडी होती, ती दाखवली. महाडिकांनी हात जोडले आणि मोठ्या मनाची माणसं अशीच असतात, असं सोबतच्यांना सांगितलं. उद्या दसऱ्याला देवळात सत्कार व्हायला हवा, असं कुणीतरी मागून म्हणालं. भाऊजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते दमूजवळ गुडघ्यांवर बसले होते, चेहरा पांढरा पडलेला, आणि तिचा हात धरून सांगत होते की आता पुरे, आजपासून नदीचं नाव नाही, घाटाच्या वरच्या पायरीवरसुद्धा नाही.

दमूने डोळे उघडले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. कोंडाकडे पाहिलं, एकदाच, मग माझ्याकडे. तिने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, मी नाही म्हणू शकले असते.

मी ट्यूब खाली ठेवली आणि कोंडात पाऊल टाकलं.

पाऊल कुठेच लागलं नाही. मग पाणी नाकात, कानात, कापूस कुठे गेला कुणास ठाऊक. वर हिरवं, खाली काळं. मनात एवढंच आलं की ह्या वेळी हातात गोधडीही नाही. मी हातपाय झाडले, सापडेल ते लाथाडलं. आणि मग माझा अंबाडा कुणीतरी मुठीत धरला, जोरात, ओळखीच्या पकडीने, आणि मला वर उचललं, आणि कानाशी, बऱ्या कानाशी, दमूचा आवाज आला. अगदी शांत.

"लाथा मारू नकोस गं. मागच्या वेळीही अशाच मारल्या होत्यास."

मी लाथा मारायच्या थांबवल्या.

तिने मला पाठीवर वळवलं आणि एका हाताने पाणी कापत काठाला आणलं. सगळे बघत होते. ह्या वेळी ती उभी होती आणि मी आडवी. मी भरपूर पाणी ओकले, महाडिकांच्या प्रसादाच्या ताटाशेजारी.

वामनभाऊजी बायकोसमोर येऊन उभे राहिले.

"तुला पोहता येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून," दमू म्हणाली आणि साडीचा पदर पिळायला लागली.

लोक पांगले तेव्हा आम्ही दोघी खडकावर ऊन खात बसलो. मी विचारलं, की मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. ती म्हणाली, तेव्हा बोलायची सोय नव्हती. पोहता येतं कळलं असतं तर म्हशींबरोबर नदीत उतरते हेही कळलं असतं आणि बाबांनी पाठ सोलून शाळा बंद केली असती. बुडालेली पोर म्हणून निदान शिरा मिळाला.

"आणि नंतर?"

"नंतर तू," ती म्हणाली. "मधल्या सुट्टीत त्या फोटोखालून खाली मान घालून जायचीस. म्हटलं, हिला एवढं पुरे."

मी रडले असते, पण आधीच पुष्कळ पाणी गेलं होतं.

ह्याला आता बारा वर्षं झाली. शाळेतला फोटो अजून तिथेच आहे. काढायचा तर अर्ज लागतो म्हणतात. कुमुदच्या सांगण्यात मी त्या दिवशी दमूला वाचवायला दुसऱ्यांदा उडी घेतली, पण वयामुळे दम पुरला नाही. ती गोष्ट ती अजूनही सगळ्यांत चांगली सांगते. दमू मात्र रोज सकाळी, भोंग्याच्या आधी, कोंडावर जाते. गावातल्या आया आता मुली तिच्याबरोबर पाठवतात.

त्या दिवसानंतर पुढच्याच वर्षी आम्ही पुन्हा निघालो होतो, ह्या वेळी खंडेनवमी टाळून. आमचे हे काठावर आले होते. दोरीचं टोक त्यांनी दमूच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून पाठवतोय."

दमूने मान हलवली आणि दोरी कमरेला बांधली. कमरेलाच बांधायची असते. मी मागच्या ट्यूबमध्ये बसले आणि डाव्या कानात कापूस घातला. सवयीने.